वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलची निवडणूक

नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले आणि भारतातील वृत्तपत्रांतही त्याची भरपूर चर्चा झाली. त्याच मतपत्रिकेवर सिटी कौन्सिलच्या, म्हणजे शहरातील नगरसेवकांच्या सभागृहाच्या, सर्व ५१ जागाही होत्या, मात्र त्यांच्याविषयी आपल्याकडे फारसे काही लिहिले गेले नाही. त्यानंतर वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा क्वीन्समध्ये राहतो आणि तो अमेरिकन नागरिक आहे. नोव्हेंबरमध्ये मतदान केलेस का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, केले, पण आमच्या नगरसेवकाचा निकाल जूनमध्येच लागला होता." निवडणूक नोव्हेंबरमध्ये असताना निकाल जूनमध्ये कसा लागतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे म्हणणे कायद्याने चूक असले तरी व्यवहारात बरोबर आहे. पक्षाचा उमेदवार कोण असावा हे आपल्याकडे पक्षश्रेष्ठी ठरवतात, तर तेथे ते त्या पक्षात नाव नोंदवलेले सामान्य मतदार सरकारी यंत्रणेने घेतलेल्या मतदानातून ठरवतात. या मतदानाला प्रायमरी म्हणतात आणि न्यूयॉर्कमध्ये ती जूनच्या चौथ्या मंगळवारी होते. २०२५ मध्ये ती २४ जूनला झाली. शहराच्या बहुतेक भागांत डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व इतके आहे की त्या पक्षाची प्रायमरी जिंकणारा उमेदवार नोव्हेंबरमध्ये हरणे जवळजवळ अशक्य असते. २०२३ च्या निवडणुकीनंतर ५१ पैकी ४५ सदस्य डेमोक्रॅटिक आणि केवळ ६ रिपब्लिकन होते. स्टेटन आयलंड, दक्षिण ब्रुकलिन आणि क्वीन्सचे काही भाग वगळले, तर नोव्हेंबरचे मतदान ही बव्हंशी औपचारिकता ठरते.

यातील खरी अडचण अशी की ही प्रायमरी बंदिस्त आहे. ज्यांचे नाव मतदार यादीत डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले आहे त्यांनाच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येते, आणि शहरात दहा लाखांहून अधिक मतदार कोणत्याही पक्षात नोंदलेले नाहीत. आमच्या पाहण्यात आलेले अनेक भारतीय वंशाचे नागरिक नोंदणी अर्जावर पक्षाचा रकाना मुद्दाम रिकामा सोडतात, कारण पक्षात नाव घालणे म्हणजे त्या पक्षाचा कार्यकर्ता होणे, अशी आपल्याकडची समजूत त्यांच्या मनात घर करून असते. तेथे या नोंदणीला वर्गणी नाही, शपथ नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत देण्याचे बंधनही नाही. ती केवळ अर्जावर केलेली एक खूण असते. मात्र ही खूण बदलायची असल्यास तसा अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोहोचावा लागतो, अन्यथा त्या वर्षीच्या जूनसाठी तो उपयोगी पडत नाही. निवडणुकीची हवा तापू लागते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तोवर ही मुदत कधीच उलटून गेलेली असते. आपला उमेदवार निवडण्याचा पक्षाचा हक्क आम्ही मान्य करतो, परंतु अंतिम निकाल जेथे लागतो त्या दारापासून दहा लाख मतदारांना दूर ठेवणारी व्यवस्था समर्थनीय आहे, असे आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : आम्ही उभयता जॅक्सन हाइट्समध्ये राहतो. माझा एच-१बी व्हिसा आहे, मुले सरकारी शाळेत जातात आणि शहराचा आयकरही आम्ही भरतो. सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत आमच्यासारख्यांना मत देता येईल, असे मध्यंतरी ऐकले होते. त्याचे पुढे काय झाले? (एक वाचक भगिनी, न्यूयॉर्क)

उत्तर : आपण ऐकले ते खरे होते, परंतु तो कायदा आता उरलेला नाही. सिटी कौन्सिलने ९ डिसेंबर २०२१ रोजी ३३ विरुद्ध १४ मतांनी असा ठराव संमत केला की ग्रीन कार्डधारकांना आणि अमेरिकेत काम करण्याचा परवाना असलेल्यांना शहरात किमान ३० दिवस वास्तव्य असल्यास महापौर, कौन्सिल व शहराच्या इतर पदांसाठी मतदान करता यावे. सुमारे आठ लाख लोकांना त्याचा लाभ होणार होता. रिपब्लिकन पक्षाने व काही लोकप्रतिनिधींनी त्याला आव्हान दिले. जून २०२२ मध्ये स्टेटन आयलंडच्या न्यायाधीशांनी तो रद्द ठरवला, आणि अखेर मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने ६ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल दिला की न्यूयॉर्क राज्याच्या घटनेनुसार मताधिकार नागरिकांपुरताच आहे. त्यामुळे राज्यघटना बदलल्याखेरीज हा मार्ग पुन्हा खुला होण्याची शक्यता नाही. एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. १९७० च्या सुमारापासून २००२ पर्यंत न्यूयॉर्कच्या स्थानिक शाळा मंडळांच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्या पालकांनाही मत देता येत असे. ती मंडळेच बरखास्त झाली तेव्हा तो हक्कही संपला.

मत नसले तरी आपल्याला काही मार्ग उपलब्ध आहेत. शहरात ५९ कम्युनिटी बोर्ड आहेत आणि त्यांच्या बिनपगारी सदस्यत्वासाठी नागरिकत्वाची अट नाही. प्रत्येक बोर्डावर जास्तीत जास्त ५० सदस्य असतात, त्यांची नेमणूक बरोचा (म्हणजे क्वीन्स, ब्रुकलिन यांसारख्या शहराच्या पाच मोठ्या विभागांपैकी एकाचा) अध्यक्ष करतो आणि त्यातील निम्मी नावे नगरसेवक सुचवतात. कौन्सिलच्या समित्यांपुढे होणाऱ्या जनसुनावणीत कोणालाही बोलता येते. काही नगरसेवक आपल्या निधीपैकी किमान दहा लाख डॉलर रहिवाशांच्या मतानुसार खर्च करतात. हा उपक्रम २०११ मध्ये चार मतदारसंघांत सुरू झाला, आणि त्या मतदानात ११ वर्षांवरील कोणताही रहिवासी, त्याचा व्हिसा कोणताही असो, भाग घेऊ शकतो. शाळेतील स्वच्छतागृहांची दुरुस्ती, बागेतील खेळणी अशी कामे त्यातून होतात. आपल्या नगरसेवकाच्या कार्यालयात हा उपक्रम चालतो की नाही, एवढे आधी विचारून घ्यावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने कोणत्याही उमेदवाराला देणगी देणे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. दहा डॉलरसुद्धा देऊ नयेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वाहन परवान्यासाठी किंवा एखाद्या सरकारी सेवेसाठी अर्ज करताना मतदार नोंदणीचा रकाना समोर येतो, आणि घाईत त्यावर खूण झाली, तर पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नाकारले जाण्यापासून देशाबाहेर पाठवले जाण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात. असे चुकून घडले असल्यास स्वतः खटपट करीत न बसता इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा.

प्रश्न : मी एडिसन येथे राहतो आणि रोज मॅनहॅटनला कामाला जातो. या निवडणुकीत माझा काही अधिकार आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मतदानाचा अधिकार नाही. आपले राज्यच वेगळे आहे आणि एडिसनला स्वतःची टाउनशिप कौन्सिल आहे; २०२१ मध्ये भारतीय वंशाचे सॅम जोशी तेथील महापौरपदी निवडून आले. आपण नागरिक असल्यास न्यूयॉर्कच्या उमेदवाराला देणगी देऊ शकता, मात्र त्या देणगीवर शहराच्या तिजोरीतून पूरक रक्कम मिळत नाही. ती योजना काय आहे, हे पुढे येईलच.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये मतदार पाच उमेदवारांना पसंतीक्रम देतात, असे वाचले. ही पद्धत आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखीच आहे का? मोजणी कशी होते? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : गाभा तोच आहे. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती पाहून ती मते इतरांकडे वळवली जातात, आणि दोन उमेदवार उरेपर्यंत ही फेरी चालू राहते. फरक दोन-तीन ठिकाणी आहे. पदवीधर मतदारसंघात जितके उमेदवार तितक्या पसंती देता येतात, न्यूयॉर्कमध्ये पाचच. आपल्याकडे एकूण वैध मतांच्या निम्मे अधिक एक असा कोटा एकदा ठरतो आणि तो बदलत नाही. तेथे ज्या मतपत्रिका अजून मोजणीत आहेत त्यांच्यातील बहुमत पाहिले जाते. ज्या मतपत्रिकेवरील सर्व पसंतीचे उमेदवार बाद झाले ती मोजणीतून बाहेर पडते. तिसरा फरक असा की ही पद्धत फक्त प्रायमरीत आणि पोटनिवडणुकीत वापरली जाते. नोव्हेंबरमध्ये ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, हा साधा नियमच चालतो.

नोव्हेंबर २०१९ च्या सार्वमताने ही पद्धत स्वीकारली आणि जून २०२१ मध्ये ती प्रथमच संपूर्ण शहरात वापरली गेली. त्या वेळी महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत एरिक ॲडम्स यांनी कॅथरिन गार्सिया यांचा अखेरच्या फेरीत ७,१९७ मतांनी पराभव केला, तर तोवर मोजणीतून बाहेर पडलेल्या मतपत्रिकांची संख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. म्हणजे ज्यांनी दोन-तीनच नावांवर समाधान मानले, त्यांच्या उरलेल्या रिकाम्या रकान्यांत निकाल फिरवण्याची ताकद होती. पाचही पसंती द्याव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यामुळेच. खालच्या पसंतीमुळे वरच्या पसंतीचे नुकसान होत नाही. (त्याच मोजणीत निवडणूक मंडळाने चाचणीसाठी वापरलेली सुमारे १ लाख ३५ हजार बनावट मते खऱ्या मतांत मिसळून आकडे जाहीर केले आणि ते मागे घेण्याची नामुष्की ओढवून घेतली. निवडणुकीतील गोंधळ केवळ आपल्याकडेच होतो, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.)

या पद्धतीमुळे प्रचाराचा सूरही बदलतो. जून २०२५ मध्ये ममदानी आणि ब्रॅड लँडर या प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या समर्थकांना दुसऱ्याला पुढची पसंती देण्याचे जाहीर आवाहन केले होते. कौन्सिलच्या लहान मतदारसंघांत असे समझोते अधिकच प्रभावी ठरतात.

न्यूयॉर्कला पसंतीक्रम नवा नाही, हेही सांगावेसे वाटते. १९३७ ते १९४५ या काळात कौन्सिलची निवडणूक, आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीसारख्याच, एकल संक्रमणीय मताने होत असे आणि दर बरोत प्रत्येकी ७५,००० मतांमागे एक जागा दिली जाई. त्याआधी जवळजवळ सर्व जागा एकाच पक्षाकडे जात असत. नव्या पद्धतीमुळे १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल धाकटे हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य निवडून आले, आणि कम्युनिस्टांनाही जागा मिळाल्या. नंतर शीतयुद्धाचे वारे वाहू लागले तसे त्या जागांचाच बाऊ करून विरोधकांनी १९४७ मध्ये ही पद्धत मोडीत काढली. आमच्या मते आजची पद्धत त्या जुन्या पद्धतीपेक्षा बरीच दुबळी आहे, कारण एका मतदारसंघात एकच जागा असेल, तर पसंतीक्रमाने विजेता बदलू शकतो, परंतु अल्पमतातल्या पक्षाला त्याचा वाटा मिळत नाही.

प्रश्न : मुंबईच्या नगरसेवकाशी तुलना केली, तर न्यूयॉर्कच्या नगरसेवकाला खरोखर किती अधिकार असतात? (एक वाचक, दादर)

उत्तर : प्रथम आकार पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार न्यूयॉर्कची लोकसंख्या ८८ लाख आहे, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे १ लाख ७२ हजार लोक येतात. मुंबईत २०११ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी २४ लाख लोकसंख्येमागे २२७ नगरसेवक, म्हणजे एकामागे ५५ हजारांच्या आसपास. लॉस एंजेलिसमध्ये तर सदस्य अवघे १५ आहेत. मूलभूत फरक मात्र सत्तेच्या रचनेत आहे. मुंबईची कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असते आणि मार्च २०२२ पासून सुमारे चार वर्षे तर महापालिका लोकप्रतिनिधींविनाच प्रशासकाच्या हाती चालली. न्यूयॉर्कचा महापौर थेट मतदारांनी निवडलेला आणि प्रबळ असतो; त्याला आवर घालण्याचे काम कौन्सिल करते. शहराचे अंदाजपत्रक (२०२५ मध्ये सुमारे ११६ अब्ज डॉलरचे) तिच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाही, आणि महापौरांनी नकाराधिकार वापरला तरी दोनतृतीयांश, म्हणजे ३४ मतांनी ती तो डावलू शकते. जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांनी नागरिकांना रस्त्यात थांबवून केलेल्या चौकशीच्या नोंदी ठेवण्याचा कायदा तिने ४२ विरुद्ध ९ मतांनी महापौर ॲडम्स यांच्या नकारावर मात करून संमत केला.

कौन्सिलला ही ताकद पूर्वी नव्हती. १९८९ पर्यंत अंदाजपत्रक व जमिनीचे निर्णय बोर्ड ऑफ एस्टिमेट या मंडळाकडे होते, ज्यात २० लाखांहून अधिक वस्तीच्या ब्रुकलिनला आणि चार लाखही वस्ती नसलेल्या स्टेटन आयलंडला सारखेच मत होते. हे समान मताधिकाराच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दिला, ते मंडळ संपुष्टात आले, शहराच्या कारभाराची सनद बदलली, आणि कौन्सिलच्या जागा ३५ वरून ५१ झाल्या.

एकट्या नगरसेवकाची खरी ताकद जमिनीत आहे. ज्याच्या मतदारसंघातील जमीन, त्याचा शब्द अखेरचा, अशी अलिखित प्रथा कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षे चालत आली आहे. इतर ५० सदस्य त्याच्या मताबाहेर जात नाहीत, कारण उद्या त्यांनाही आपल्या भागात तीच मोकळीक हवी असते. हार्लेममधील नवव्या मतदारसंघाचे उदाहरण बोलके आहे. २०२१ च्या प्रायमरीत क्रिस्टिन रिचर्डसन जॉर्डन यांनी विद्यमान सदस्य बिल पर्किन्स यांचा पसंतीक्रमाच्या मोजणीत अगदी थोड्या मतांनी पराभव केला. १४५ व्या रस्त्यावर सुमारे ९०० घरांचा एक प्रकल्प प्रस्तावित होता. परवडणारी घरे त्यात पुरेशी नाहीत, म्हणून त्यांनी विरोध केला, आणि त्या विरोधात आहेत म्हटल्यावर विकसकाने २०२२ मध्ये अर्जच मागे घेतला आणि त्या जागी ट्रकचा तळ सुरू केला. म्हणजे ९०० कुटुंबांच्या छपराचा प्रश्न एका प्रायमरीतल्या मूठभर मतांशी जोडला गेला होता. पुढे २०२३ मध्ये जॉर्डन रिंगणातून बाहेर पडल्या आणि तेथे युसेफ सलाम निवडून आले. सेंट्रल पार्कमधील हल्ल्याच्या प्रकरणात किशोरवयात चुकीने शिक्षा होऊन तुरुंगात वर्षे काढलेल्या आणि २००२ मध्ये निर्दोष ठरलेल्या पाच जणांपैकी ते एक आहेत. त्यांच्या कारकिर्दीत त्याच जागेवरील सुधारित प्रकल्पाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली.

नोव्हेंबर २०२५ च्या सार्वमताने या प्रथेला मोठा धक्का दिला. परवडणाऱ्या घरांचा प्रकल्प कौन्सिलने नाकारला, तर महापौर, कौन्सिलचे स्पीकर आणि संबंधित बरोचा अध्यक्ष अशा तिघांपैकी दोघे मिळून तो निर्णय फिरवू शकतील, अशी तरतूद मतदारांनी मान्य केली. कौन्सिलच्या नेतृत्वाने तिला कडाडून विरोध केला होता. घरांची टंचाई पाहता मतदारांचा कौल आम्हाला समजतो, तथापि आपल्या भागात काय उभे राहावे याविषयी वस्तीने निवडलेल्या माणसाचे वजन त्यामुळे घटणार, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : सामान्य घरातील तरुण माणसाला अमेरिकेसारख्या देशात एवढी खर्चिक निवडणूक लढवता येते का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : न्यूयॉर्कमध्ये येते, आणि त्याचे श्रेय शहराच्या पूरक निधी योजनेला द्यावे लागेल. शहरातील रहिवाशाने दिलेल्या देणगीच्या पहिल्या १७५ डॉलरवर कौन्सिलच्या उमेदवाराला शहराकडून आठपट रक्कम मिळते; शेजाऱ्याने १० डॉलर दिले, तर उमेदवाराच्या खात्यात ९० डॉलर जमा होतात. त्यासाठी त्याने आपल्याच मतदारसंघातील किमान ७५ जणांकडून देणग्या आणि एकूण ५,००० डॉलर जमवलेले असावे लागतात, खर्चाची मर्यादा पाळावी लागते आणि प्रत्येक पैचा हिशेब द्यावा लागतो. हिशेबाबाबत शंका आली, तर निधी रोखला जातो; डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द महापौर ॲडम्स यांना तो नाकारला गेला. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी ४५० वैध सह्या लागतात, म्हणून मार्च महिन्याच्या थंडीत उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्ते हातात अर्ज घेऊन भुयारी रेल्वेच्या दारांशी उभे असतात.

या व्यवस्थेचा परिणाम २०२१ मध्ये स्पष्ट दिसला. पहिल्यांदाच कौन्सिलमध्ये स्त्रियांचे बहुमत झाले, ५१ पैकी ३१. जॅक्सन हाइट्स-एल्महर्स्ट भागातून शेखर कृष्णन आणि ब्रुकलिनमधून बांगलादेशी वंशाच्या शहाना हनीफ हे दक्षिण आशियाई वंशाचे पहिले सदस्य निवडून आले. मात्र उमेदवाराशी संबंध न ठेवता बाहेरून प्रचार करणाऱ्या गटांच्या खर्चावर मर्यादा नाही, आणि बिल्डर लॉबीचा पैसा बहुधा त्याच वाटेने येतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई अमेरिकन नागरिक आहेत, परंतु त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मराठीत मतपत्रिका मिळते का? (एक वाचक भगिनी, क्वीन्स)

उत्तर : नाही. संघराज्याच्या मताधिकार कायद्यानुसार शहराच्या विविध भागांत स्पॅनिश व चिनी भाषांत आणि क्वीन्समध्ये कोरियन व बंगालीतही मतपत्रिका दिल्या जातात; मराठी त्यात नाही. परंतु त्याच कायद्याने ज्यांना वाचता येत नाही अशा मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस मतदान कक्षात नेण्याचा हक्क आहे. तो मदतनीस मतदाराचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा, एवढीच अट आहे. आपण स्वतः त्यांच्यासोबत जाऊ शकता. मतदानापूर्वी नऊ दिवसांचे आगाऊ मतदान असते आणि त्या दिवसांत गर्दी कमी असल्याने वृद्धांना ते सोयीचे पडते.

प्रश्न : पुढची निवडणूक केव्हा? एकच व्यक्ती किती वेळा निवडून येऊ शकते? (एक वाचक, ब्रुकलिन)

उत्तर : २०२५ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत चार वर्षांची आहे, त्यामुळे पुढची प्रायमरी जून २०२९ मध्ये होईल. २०२१ आणि २०२३ मध्ये लागोपाठ निवडणुका झाल्या त्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलल्याने. दर वीस वर्षांनी एकदा अशा दोन-दोन वर्षांच्या मुदती येतात. सलग दोन मुदतींची मर्यादा १९९३ च्या सार्वमताने आणली. २००८ मध्ये कौन्सिलने स्वतःच २९ विरुद्ध २२ मतांनी ती तीनवर नेली आणि २०१० मध्ये मतदारांनी ती पुन्हा दोनवर आणली. मध्ये खंड पडल्यास परत येता येते. मॅनहॅटनच्या गेल ब्रुअर यांनी बरोचे अध्यक्षपद भूषवून २०२२ मध्ये पुन्हा कौन्सिलमध्ये प्रवेश केला.

मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली, तर महापौर पोटनिवडणूक जाहीर करतात. ती पक्षविरहित असते, मतपत्रिकेवर पक्षाऐवजी येणारे आपल्या गटाचे नाव उमेदवार स्वतः ठरवतात आणि मतदानात पसंतीक्रम असतो. अर्जावर पक्षाचा रकाना रिकामा सोडलेल्या मतदारालाही तीत पहिल्या फेरीपासून पूर्ण मताधिकार मिळतो.